शंभर ते दोनशे चाळीस

“थांब, झाकण उघडू नको. आधी मला नुसतं उचलून बघू दे.”

अकबरीने दोन्ही हात पुढे केले तेव्हा मोहिनीने मांडीवरचं खोकं तिच्या हातात दिलं. अकबरीने ते तळहातांवर तोललं, डावीकडे कलवलं, उजवीकडे कलवलं, मग कानाशी नेऊन हळूच हलवलं. आत काहीही खुळखुळलं नाही.

“वजनाला तर खरं वाटायलंय,” ती म्हणाली. “नकली माल असला की खोकं मोठं आन् हाताला हलकं लागतं.”

“दगड घातला आसंल तर?” मोहिनीचे वडील म्हाळू उंबऱ्यावर उकिडवे बसले होते. त्यांनी शंका काढली.

“दगड एका बाजूला बसतो, म्हाळूभाऊ. हे चारी कोपऱ्यांनी सारखं हाय.”

म्हाळूंनी मान डोलावली. मेंढरं विकत घेताना ते स्वतः जनावराच्या पोटाखाली हात घालून असंच तोलून बघत. त्यामुळे ही परीक्षा त्यांना पटली.

आष्टीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ‘हैदर इलेक्ट्रिक वर्क्स’ हे दुकान होतं. पुढच्या भागात अकबरीचा मुलगा मुस्तकीम जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा. मागच्या भागात, खिडकीखाली, अकबरीची बैठक होती. तिथे ती स्टॅबिलायझर बनवायची. गावाकडे विजेचा दाब कधी दीडशेवर उतरतो, कधी अडीचशेच्या वर चढतो. तो सावरून घेऊन पुढच्या यंत्राला नेमका दाब देणारी ही पेटी. घरोघरी रंगीत टीव्ही आले त्या काळात आष्टीपासून कड्यापर्यंत टीव्हीखाली हैदरची निळी पेटी दिसायची. पत्र्याचे डबे तिचे नवरे हैदर बनवायचे, सायकलवर घालून विकायलाही तेच जायचे. पण पेटीचा जीव म्हणजे आतलं तांब्याच्या तारेचं गुंडाळं, आणि ते प्रत्येक गुंडाळं अकबरीच्या हातचं होतं. सातवीपर्यंत उर्दू शाळेत गेलेली अकबरी हजारापर्यंतचे वेढे मनातल्या मनात मोजायची आणि मध्ये कुणी हाक मारली तरी आकडा चुकायची नाही.

हैदर जाऊन सहा वर्षं झाली होती. नव्या टीव्हींना पेटी लागत नव्हती, नव्या फ्रीजलाही नाही. अशात गेल्या वर्षी मोहिनी पुण्याहून गावी परतली आणि तिने आपल्या कंप्युटरसाठी पेटी मागितली. अकबरीने अकरा दिवस खपून एक मोठी पेटी केली. आयुष्यात केलेल्या सगळ्या पेट्यांत तिला ती सरस वाटली होती. ती पाहून कंप्युटर क्लासवाल्या विजयसिंह सरांनी सहा पेट्या सांगितल्या. त्यासाठीची तांब्याची तार कालच येऊन पडली होती.

आणि आज तीच मोहिनी हे खोकं घेऊन आली होती.

“बेटा, मला पहिल्यापासून सांग,” अकबरी म्हणाली.

मोहिनीने सांगितलं. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती माणसाच्या शरीराची हलती चित्रं करायची. डॉक्टरकी शिकणारी मुलं ती चित्रं बघून शिकायची. काम मोठं, म्हणून कंप्युटरही मोठा. तो वर्षभर मधूनच फटकन बंद पडायचा. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या आतला पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन कंप्युटरच्या भागांना वाटून देणारा डबा, जळका वास सोडून मेला. सगळ्यांनी सांगितलं, जुना डबा कमी ताकदीचा होता, आता मोठा घे. तिने सोळाशे वॉटचा मागवला. तो बसवून सहा दिवस झाले आणि कंप्युटर पुन्हा तीनदा बंद पडला.

“ग्रुपवरचे सगळे म्हणायलेत, डुप्लिकेट माल आलाय. विकणाऱ्याला कळवलं तर तो म्हणतो, परत करायचं तर आज पाच वाजेपर्यंत सांगा. पण खोकं, पिशव्या, वायरी, सगळं जसंच्या तसं पायजे. आन् डब्यावरचं सील तुटलं तर घेणार न्हाई. चाची, हे खरं का खोटं एवढं सांगा. कंपनीला दोन दिवस काम दिलं न्हाई मी. उद्या न्हाई दिलं तर दुसऱ्याला देतील.”

पुढून मुस्तकीमचा आवाज आला, “अम्मी, ते कंप्युटरचं हाय. आपलं काय काम त्यात?”

“वीजच हाय की त्यातबी,” अकबरी म्हणाली आणि हात धुवायला उठली.

साबणाने हात धुऊन, ओढणीला न पुसता धुतलेल्या फडक्याला पुसून ती परत बसली. आता झाकण उघडायला तिने परवानगी दिली. मोहिनी प्रत्येक थराचा मोबाईलवर फोटो काढत होती, परत भरताना चूक नको म्हणून. वरच्या खाकी खोक्यात काळं, गुळगुळीत, छापील खोकं. ते उघडलं की करड्या रंगाचा जाड फोम, आणि त्या फोममध्ये डबा बसायला अगदी मापाचा खड्डा. अकबरीने फोममध्ये बोट दाबलं. बोट काढल्यावर खळगा हळूहळू भरून आला.

“ह्यो थर्माकोल न्हाई,” तिने म्हाळूंना दाखवलं. “थर्माकोल एकदा आपटला की तुटतो. ह्यो मार खाऊन परत उभा ऱ्हातो.”

म्हाळूंनीही बोट दाबून बघितलं. मग पुन्हा एकदा दाबलं.

डबा एका काळ्या कापडी पिशवीत होता. पिशवीला दोरी, दोरीच्या टोकाला गाठ. वायरींची वेगळी पिशवी. अकबरीला हसू आलं. “नवरीचं सामान बी इतक्या निगुतीनं भरत न्हाईत.” सोबत एक जाडजूड पुस्तिका होती. मोहिनीने चाळली. अकरा भाषा होत्या, त्यांत मराठी नव्हती, उर्दूही नव्हती.

“बरं झालं,” अकबरी म्हणाली. “वाचत बसायला नको.”

मग तिने डबा हातात घेतला. अंगठा पत्र्याच्या कडेवरून फिरवत सगळ्या बाजूंनी नेला. कुठे खरखर नाही, कुठे धार नाही. हैदरच्या डब्यांच्या कडांनी किती गिऱ्हाइकांची बोटं कापली होती! तिने सांगून सांगून हैदर कानस मारायचे, पण घाईत राहून जायचंच. इथे आतल्या कडासुद्धा मुडपलेल्या होत्या, जिथे कुणाचा हात कधी जाणार नव्हता तिथेही. तिने स्क्रू बघितले. एकाही स्क्रूच्या खाचेला पेचकसाचा ओरखडा नव्हता. म्हणजे मध्ये कुणी उघडून आतला माल बदललेला नव्हता. बॅटरीचा झोत जाळीतून आत टाकून तिने एक डोळा मिटला. आत पेल्याएवढा गोल भाग ताठ उभा होता आणि मोठ्या भागांच्या बुडाशी पांढरा चिकट लेप दिलेला होता.

“डिंक लावलाय,” ती स्वतःशीच बोलली. “गुणगुण करू नये म्हणून. वारे वा.”

वायरींची पाळी आली. काळ्या, चपट्या, एकमेकींना चिकटलेल्या वायरी. तिने डाव्या तळहातावर त्यांतली एक वेटोळं करून ठेवली आणि उजव्या तळहातावर आपल्याकडची, तेवढ्याच जाडीची आणि तेवढ्याच लांबीची तांब्याची केबल ठेवली. डोळे मिटले. मग वायर वाकवून बघितली, टोकाच्या प्लगमधली एकेक पिन भिंगातून पाहिली, वायर प्लगमधून ओढली. हलली नाही.

“तांबंच हाय. अस्सल. फक्त लई ताठ हाय, वळवताना तुला तरास झाला आसंल.”

“लई,” मोहिनी म्हणाली. “कॅबिनेटचं झाकणच लागत नव्हतं.”

“मग डुप्लिकेट न्हाई?” म्हाळूंनी विचारलं.

“डुप्लिकेट करणारा माणूस जिथं डोळा जात न्हाई तिथं कावून मेहनत घेईल, भाऊ?”

डब्याच्या बाजूला एक लेबल होतं. मीटरवरचे आणि लेबलांवरचे इंग्रजी आकडे, अक्षरं अकबरीला वाचता यायची. तिने भिंग पुढे-मागे केलं आणि थबकली.

“मोहिनी, हे बघ गं. मला चुकीचं दिसायलंय का? वीज किती मागतो ह्यो?”

“शंभर ते दोनशे चाळीस व्होल्ट.”

“म्हंजे मागं कुठं बटण आसंल. शंभराच्या देशात एकीकडं करायचं, आपल्याकडं दुसरीकडं.”

“बटण न्हाई, चाची. आपोआपच घेतो म्हणे.”

“मधलं सगळं? एकशे तीस आलं तरी? एकशे सत्तर आलं तरी?”

मोहिनीने खांदे उडवले. लेबलावर तिने कधी लक्षच दिलं नव्हतं.

अकबरी उठली आणि कपाटाखालून तिने गोल, जड डिमर ओढून काढला. त्याची मूठ फिरवली की विजेचा दाब हवा तेवढा कमी-जास्त करता यायचा. नवी पेटी झाली की ती याच डिमरवर तपासायची. मग मुस्तकीमकडून ट्रॅक्टरचे हेडलाइटचे दोन बल्ब मागून घेतले. ते कंप्युटरसारखेच बारा व्होल्टवर पेटायचे. कोणत्या दोन पिना जोडल्या की डबा एकटाच सुरू होतो, हे मोहिनीला माहीत होतं. तिने कागदाची पिन वाकवून ती करामत केली. बारीक तारा खोचून बल्ब जोडले आणि अकबरीने बटण दाबलं. दोन्ही बल्ब भक्कन पेटले. म्हाळूंनी डोळ्यांवर आडवा हात धरला.

“आता बघा,” अकबरी म्हणाली आणि मूठ फिरवायला लागली.

मीटरचा काटा दोनशे तीसवरून खाली आला. दोनशे. एकशे ऐंशी. ती बल्बकडे बघत होती. आयुष्यभर तिने हेच बघितलं होतं: काटा उतरतो, बल्ब पिवळा पडतो, मग पेटीतून टक्क आवाज येतो आणि बल्ब पुन्हा उजळतो. त्या पिवळेपणातून उजेडाकडे येण्याच्या टक्क आवाजासाठीच तर सगळं आयुष्य गेलं होतं. काटा एकशे पन्नासवर आला. बल्ब तसेच. एकशे तीस. तसेच. दुकानात काम थांबवून मुस्तकीम मागे येऊन उभा राहिला होता. एकशे दहा.

बल्ब जराही मंदावले नाहीत. कुठे टक्क वाजलं नाही.

अकबरीने मूठ उलटी फिरवून काटा वर नेला, परत खाली आणला. वर, खाली, वर, खाली. लहान मूल पाळणा हलवतं तशी ती कितीतरी वेळ मूठ हलवत राहिली. बल्ब जागचे हलले नाहीत.

“या अल्ला,” ती हळूच म्हणाली. “ह्यो तर पोटातच सावरून घेतो सगळं.”

“मग माल चांगला हाय,” मोहिनी म्हणाली. तिचा चेहरा मात्र उतरला होता. “तरी बंद कावून पडायलंय?”

“ते हितं न्हाई कळायचं. तुझ्या घरी कळंल. चल.”

मुस्तकीम म्हणाला, “अम्मी, जेवून तर जावा.” पण अकबरीने चपला घातल्यासुद्धा होत्या.

कड्याच्या रस्त्यावर म्हाळूंची वस्ती होती. ज्या रिक्षाने बापलेक आले होते त्याच रिक्षाने तिघं निघाली. खोकं अकबरीच्या मांडीवर होतं. तिने वाटेत एकच प्रश्न विचारला.

“बंद पडायला कधी लागलं म्हणालीस?”

“गेल्या वर्षी पुण्याहून आले ना, तेव्हापासनं. पुण्यात कधी न्हाई पडलं.”

अकबरी बाहेर बघत राहिली. तिची मोठी पेटीही गेल्या वर्षीच वस्तीवर गेली होती.

मोहिनीच्या खोलीत कंप्युटरच्या बाजूला ती पेटी होती. कुणीतरी तिच्यावर विणलेला रुमाल टाकला होता. मोहिनीने सप्लाय परत बसवला, एकेक ताठ वायर वळवून जोडली आणि कंप्युटर चालू केला. पडद्यावर माणसाचं हृदय आलं. त्याच्या झडपा उघडत-मिटत होत्या.

“मेंढराचं बी आस्संच आसतं,” म्हाळू अभिमानाने म्हणाले. “ही वरची नस मीच सांगून जाड करून घेतली. पोरीनं बारीक काढली व्हती.”

“आता ह्याला जोरात कामाला लाव,” अकबरीने मोहिनीला सांगितलं. मोहिनीने दोन कळा दाबल्या. आतले पंखे घोंघावायला लागले. अकबरीने बोटांची मागची बाजू वायरींना लावली. वायरी कोमट होत्या, बस्. गरम नव्हत्या. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काहीच झालं नाही.

“बंद कधी पडतं? सांजच्याला?”

“हां, बहुतेक सांजच्यालाच. आप्पा मेंढरं घेऊन आल्यावर.”

“मेंढरं आल्यावर काय करता, म्हाळूभाऊ?”

“काय करनार? कडबा टाकतो. कुट्टी चालवतो.”

गोठ्यात कडबा कापायचं कुट्टी यंत्र होतं. त्याची मोटर त्याच घरातल्या विजेवर चालायची.

“जा, चालू करा,” अकबरी म्हणाली.

म्हाळू गेले. गोठ्यातून घरघर ऐकू आली, खोलीतली ट्यूब क्षणभर मिणमिणली, रुमालाखालच्या पेटीतून टक्क असा आवाज आला आणि पडद्यावरचं हृदय विझलं. पंखे थांबले.

“बघा! पडलं!” मोहिनी ओरडली. “ह्यो सप्लायच खराब हाय, चाची. चार वाजायलेत, मी परत करायचं कळवून टाकते.” आणि तिने मोबाईल हातात घेतला.

तो टक्क आवाज फक्त अकबरीने ऐकला होता. मोहिनीला त्याची सवय झाली होती. घरातल्या घड्याळाचा आवाज जसा ऐकू येईनासा होतो, तसा तो तिला ऐकू येत नव्हता. अकबरी काही बोलली नसती तर खोकं परत गेलं असतं, दुसरं आलं असतं, तेही खराब ठरलं असतं. आष्टीत कुणी पेटीला बोल लावला नसता. क्लासच्या सहा पेट्या तिच्या हातून झाल्या असत्या. हे सगळं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण त्याहून मोठं काहीतरी तिला आतून टोचत होतं. असं झालं कसं? दाब पडला तेव्हा पेटीने तर आपलं काम चोख केलं होतं. मग?

“दम धर,” ती म्हणाली. “परत एकदा करू.”

परत केलं. कुट्टी घरघरली, पेटी वाजली, हृदय विझलं.

“आता काम हलकं दे त्याला. नुसतं चित्र दाखीव.”

कुट्टी घरघरली, पेटी वाजली. हृदय चालत राहिलं.

अकबरी जमिनीवर मांडी घालून बसली. बराच वेळ तिने पेटीच्या रुमालाची झालर बोटांत धरली होती. मग ती म्हणाली, “समजलं.”

“काय?”

“माझी पेटी एका गुंडाळ्यावरनं दुसऱ्यावर उडी मारती ना, त्या उडीत डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ वीजच नसती. टीव्हीला ते कळत नव्हतं. ह्यो तुझा डबा तेवढा वेळ श्वास धरून ऱ्हातो. डोक्यावर वझं नसलं तर धरतो. वझं असलं की न्हाई धरवत.” तिने रुमाल काढून घडी घातली आणि पेटीचा प्लग ओढला. “कंप्युटर सरळ भिंतीत लाव.”

“चाची, वीज दीडशेवर आली तर जळंल की!”

“तू बघितलंस ना दुकानात? एकशे दहावर बी त्याच्या अंगाला काय झालं न्हाई. लाव तू.”

मोहिनीने भिंतीत प्लग लावला. कंप्युटर पूर्ण जोराने कामाला लागला. अकबरीनेच दारातून हाक दिली, “चालू करा, भाऊ!”

कुट्टी घरघरली. ट्यूब मिणमिणली. हृदयाच्या झडपा उघडल्या, मिटल्या, उघडल्या. म्हाळूंनी कुट्टी पाच वेळा बंद-चालू केली. मेंढरांपुढे न मागता कडब्याचा ढीग पडला. पंखे घोंघावत राहिले.

मोहिनीने मोबाईल खाली ठेवला. तिला आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर येऊ द्यावा की नाही हे तिला कळत नव्हतं. “चाची, मग तुमची पेटी...”

“माझी पेटी चांगली हाय,” अकबरी म्हणाली. “पण ह्याला ती नको. हे मीच सांगायलेय ना तुला? वरून दाब लई आला तर वीज तोडणारी एक बारकी डबी मिळती, तेवढी मुस्तकीम आणून बसवंल. आन् अर्थिंग एकदा तपासून घेऊ. बस्.”

म्हाळूंनी चहा टाकला. कपबशी तिच्या हातात देताना ते म्हणाले, “भाबी, ती पेटी न्यायची न्हाई तुमी. फ्रीजला लावतो आमी.” फ्रीजला तिची गरज नव्हती हे अकबरीला ठाऊक होतं.

चहा पिताना मोहिनीच्या मोबाईलवर विकणाऱ्याचा फॉर्म आला: वस्तू कशी वाटली, पाचपैकी किती तारे? मोहिनी म्हणाली, “चाची, तुमीच सांगा, मी लिहिते. पॅकिंग?”

“लिही, आपटलं तरी काय होणार न्हाई असं भरलंय.”

“बांधणी?”

“हात कापत न्हाई. आतनं बी इमानदारीनं केलंय.”

“केबल?”

“तांबं खरं हाय. पण लई ताठ. एक तारा कमी दे. आन् पुस्तकात मराठी न्हाई, तेबी लिही.”

मोहिनीने हसत हसत सगळं जसंच्या तसं लिहिलं, ‘हाय’ आणि ‘न्हाई’सकट.

अकबरी निघाली तेव्हा तिने एक गोष्ट मागून घेतली. जळलेला जुना सप्लाय खिडकीत धूळ खात पडला होता. “ह्यो देतीस का मला? कशानं मेला ते बघायचंय.”

मोहिनीला वाटलं, चाचींना भंगारातल्या तांब्याचा मोह पडला असेल. पण अकबरीच्या मनात दुसरंच होतं. याचा जीव माझ्या पेटीने घेतला का, हे तिला जाणून घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आधी विजयसिंह सरांना फोन लावला. समोर बसलेला मुस्तकीम ऐकत होता.

“सर, तुमच्या कंप्युटरच्या मागं काय लिवलंय ते जरा बघून सांगता का? शंभर ते दोनशे चाळीस हाय का?”

सरांनी वेळ घेतला. मग सांगितलं, तीन कंप्युटरवर तसं आहे, बाकीचे तीन जुने आहेत. “पण ते तीन मी बदलणारच आहे यंदा. का हो, चाची?”

“मग तुमाला पेटी नको, सर. एकबी नको.”

फोन ठेवल्यावर मुस्तकीम म्हणाला, “अम्मी, त्यांनी विचारलं बी नव्हतं. तुमी होऊन कावून सांगितलं? तार येऊन पडलीय.”

“तार मोटारीत भर. जाडी बसती तिची.”

“तुमी काय करणार मग?”

पुढे तीन-चार दिवस माय-लेक कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी मुस्तकीमने तिची तार आपल्या फळीवर नेऊन ठेवली आणि जाताना तिच्यापुढे एक चांगला पेचकस ठेवून गेला. त्या दुपारी अकबरीने जुना सप्लाय उघडायला घेतला.

झाकण काढून आधी तिने आतल्या मोठ्या गोल भागाला बल्ब लावून त्यात विजेचा काही अंश उरलाय का ते बघितलं. बल्ब पेटला नाही. मग नीट वाकून बघितलं आणि तिला हसूच आलं. पंख्याच्या पात्यांत, जाळीत, पट्ट्यांच्या फटींत, सगळीकडे मेंढरांची लोकर दाटून बसली होती. वर्षभर डबा लोकर पांघरून तापत राहिला होता. दोन भाग उष्णतेने फुगून वर आले होते. आपल्या पेटीने हे केलेलं नव्हतं. तिने मोहिनीला फोन करून सांगितलं, “महिन्यातनं एकदा फुंकून काढ गं नवा डबा. आप्पांना म्हणावं, खोलीत मेंढरू आणू नका.”

मोहिनी पलीकडून खळखळून हसली. काम वेळेत गेलं होतं. कंपनीने पुढचं मूत्रपिंड तिलाच दिलं होतं.

फोन ठेवून अकबरीने डब्यात पुन्हा वाकून बघितलं. कोपऱ्यात एक गोल कडं होतं, लहान मुलीच्या बांगडीएवढं, आणि त्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. तिने भिंग जवळ आणलं. मशीनने गुंडाळलेली तार कशी दिसते हे तिला ठाऊक होतं. सगळे वेढे सारख्या अंतरावर, सारख्या ओढीचे. इथे तसं नव्हतं. सुरुवातीचे वेढे ऐसपैस होते, शेवटी जागा कमी पडली म्हणून दोन वेढे अंगठ्याने बाजूला रेटलेले होते, आणि शेवटचं टोक खालून वर घेऊन दाबलेलं होतं.

हे कुणीतरी हातानं केलं होतं. कुठल्या मुलखात, कुठल्या कारखान्यात, कोण जाणे. कारखान्यात बाया असतील का? रोज असली किती कडी करत असतील? आणि हे कडं करणाऱ्या बाईला ते कशात जाऊन बसतं, हे कधी कुणी दाखवलं असेल का?

अकबरीने पेचकसाने पांढरा डिंक खरवडला, कडं सोडवून घेतलं आणि तारेचं टोक मोकळं केलं. मग हलक्या हाताने एकेक वेढा सोडवत ती मोजायला लागली.

“भंगार हाय ते, अम्मी,” मुस्तकीम पुढून म्हणाला. “काय करायलीत?”

तिने बोट वर करून त्याला थांबायला सांगितलं. ओठ हलत होते. शेवटचा वेढा सुटला तेव्हा ती म्हणाली, “त्रेपन्न.”

मुस्तकीम हातातलं काम टाकून तिच्या शेजारी येऊन बसला. अकबरीने तार दोन बोटांत धरून सरळ केली, भिंग बाजूला ठेवलं आणि पहिल्या वेढ्यापासून कडं पुन्हा भरायला घेतलं. एकावन्नाव्या वेढ्याशी जागा कमी पडली. तिने अंगठ्याने मागचे दोन वेढे जरासे रेटले, उरलेले दोन बसवले, आणि टोक खालून वर घेऊन दाबलं.